सेरेंगेटीचे कोरडे महिने: कोण तगतं आणि कसं

पूर्व आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत मरणाऱ्या दर चार वाइल्डबीस्टपैकी (गाईच्या गोतातलं, कळपानं चरणारं रानजनावर) तीन भुकेपायी मरतात. चाळीस वर्षांच्या नोंदी तपासून संशोधकांनी १९९९ साली हा हिशोब मांडला. साहजिकच शंका येते: तरसांनी आणि गिधाडांनी फडशा पाडलेल्या जनावराचं मरण भुकेनं आलं की पंजानं, हे ओळखायचं कसं? उत्तर मांडीच्या हाडात असतं. हाड फोडायचं आणि आतली मज्जा बघायची. धडधाकट जनावराची मज्जा पांढरी, घट्ट, थिजलेल्या तुपासारखी. उपासमारीत शरीर आधी कातडीखालची चरबी जाळतं, मग आतड्यांभोवतीची, आणि मज्जेतल्या चरबीला सर्वांत शेवटी हात घालतं. त्यामुळे मज्जा लालसर, पातळ, जेलीसारखी दिसली तर ते जनावर आधीच संपत आलेलं होतं. सिंहानं काम फक्त लवकर उरकलं.

टीव्हीवर मात्र सिंहच दिसतो, कारण वाळत चाललेलं गवत कॅमेऱ्यात पकडता येत नाही.

माळ, जंगल नव्हे

सॅव्हानाला आपण सर्रास ‘आफ्रिकेचं जंगल’ म्हणतो, पण तो माळ आहे. खाली सलग गवत, मध्येमध्ये सुटी झाडं, वर्षाचे काही महिने पाऊस, बाकीचे कोरडे, आणि दर एक-दोन वर्षांनी वणवा. असा माळ टिकतो तो गवताच्या एका गुणावर. झाडाचा वाढता कोंब शेंड्याला असतो. तो खुडला की वाढ खुंटते. गवताचा कोंब जमिनीलगत असतो. वरचं पातं खाल्लं, तुडवलं किंवा जाळलं तरी ते बुडातून पुन्हा येतं. म्हणजे चरणं आणि वणवा या दोन्ही गोष्टी गवताला सोसतात आणि झाडाच्या रोपाला मारतात.

उत्तर टांझानियातलं सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान १४,७६३ चौरस किलोमीटरचं आहे, १९५१ सालचं. त्याला लागून सीमेपलीकडे केनियातलं मसाई मारा. प्राण्यांच्या दृष्टीनं हा एकच प्रदेश, पण त्याची दोन टोकं अगदी वेगळी. आग्नेयेला वर्षाकाठी जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस, आपल्या दुष्काळी तालुक्यांसारखा. वायव्येला त्याच्या दुप्पट. नोव्हेंबर-डिसेंबरात थोडा, मार्च ते मे भरपूर, आणि जून ते ऑक्टोबर कोरडे.

पाऊस आणि उंच गवत वायव्येला असताना जवळपास तेरा लाख वाइल्डबीस्ट, दोन लाख झेब्रे आणि लाखो थॉम्सन गझेल (चिंकाऱ्यासारखी छोटी जनावरं) दरवर्षी आग्नेयेच्या उघड्या, रखरखीत माळावर का जातात?

कारण तिथली माती. ओल्डोन्यो लेंगाई आणि आसपासच्या ज्वालामुखींनी तिथे हजारो वर्षं राख टाकली आहे. त्या राखेमुळे गवतात कॅल्शियम, फॉस्फरस आणि सोडियम भरपूर उतरतं. ओल्या मादीला दुधासाठी नेमकं हेच लागतं. वायव्येचं गवत उंच आणि मुबलक, पण या क्षारांत कमी पडतं. शिवाय राखेतला चुना पावसाच्या पाण्याबरोबर खाली झिरपून एक कडक थर बनतो. झाडांची मुळं तो फोडू शकत नाहीत, त्यामुळे आग्नेयेचा माळ उघडा राहतो आणि सिंहाला दबा धरायला आडोसा मिळत नाही.

अडचण एकच: पाऊस थांबला की तिथलं पाणी आटतं आणि उरतं ते खारट होतं. वाइल्डबीस्टला रोज, फार तर एक दिवसाआड पाणी प्यावंच लागतं. मग मे-जूनमध्ये कळप निघतात. आधी पश्चिमेला, मग उत्तरेला मारा नदीकडे. कोरड्या महिन्यांतही वाहणारं पाणी तिथेच असतं. नोव्हेंबरात आग्नेयेला ढग दिसू लागले की परत. वर्षाची ही फेरी आठशे-हजार किलोमीटरची, वळणं धरली तर त्याहून जास्त. जिथे चांगलं खायला मिळतं तिथे पाणी टिकत नाही आणि पाणी टिकतं तिथलं खाणं निकस. स्थलांतराचं मूळ एवढंच आहे.

पोट भरलेलं, तरी उपाशी

कोरड्या महिन्यांत गवत संपत नाही. माळ पिवळ्या गवतानं भरलेला असतो आणि त्यातच जनावरं भुकेनं मरतात. हे कोडं कळायला जनावराच्या पोटात डोकवावं लागतं.

वाइल्डबीस्ट, गझेल, म्हैस ही रवंथ करणारी जनावरं. त्यांच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात कोट्यवधी जिवाणू गवताचा तंतू कुजवतात, आणि जनावर त्या कुजण्यातून निघणाऱ्या आम्लांवर व खुद्द जिवाणूंवर जगतं. जिवाणूंना वाढायला नायट्रोजन, म्हणजे प्रथिनं लागतात. हिरव्या कोवळ्या गवतात ती भरपूर असतात. वाळलेल्या काडीत त्यांचं प्रमाण सहा-सात टक्क्यांखाली घसरलं की जिवाणू मंदावतात. चारा फुटत नाही, तो बारीक होत नाही, आणि बारीक झाल्याशिवाय पुढच्या कप्प्यात सरकत नाही. पोट भरलेलं राहतं, नवीन खाता येत नाही, आणि अंगावरचं मांस झडत जातं.

जनावरं पाळणाऱ्या कुणालाही हे नवीन वाटणार नाही. नुसत्या कडब्यावर ठेवलेली गाय याच कारणानं वाळते. तिला पेंड देतात, किंवा १०० किलो वाळल्या चाऱ्याला ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून, शिंपडून, काही आठवडे झाकून ठेवतात, ते पोटातल्या जिवाणूंना नायट्रोजन मिळावा म्हणूनच. वाइल्डबीस्टला पेंड कोण घालणार? त्याला हिरव्याच्या मागे चालावं लागतं.

झेब्र्याचं गणित निराळं. तो घोड्याच्या जातीचा, रवंथ न करणारा. त्याचं कुजवण्याचं काम जठराच्या मागे, आंधळ्या आतड्यात चालतं. वाटेत अडवणारी चाळण नाही. त्यामुळे चारा भराभर पुढे जातो. प्रत्येक घासातून कमी मिळतं, पण घास जास्त घेता येतात. निकस, उंच, काडीचं गवत खाऊन झेब्रा तगतो. किंमत एवढीच की त्याला दिवसरात्रीचा बराचसा वेळ खात राहावं लागतं.

यातूनच चरण्याचा क्रम ठरतो. उंच गवतात आधी झेब्रे शिरतात आणि वरच्या जाड काड्या खातात. मागून वाइल्डबीस्ट येतात. त्यांचं तोंड रुंद, गवत कापायच्या यंत्रासारखं. उघडी पडलेली पानं ते सपाट करतात. शेवटी थॉम्सन गझेल. वीस-पंचवीस किलोचं हे जनावर निमुळत्या तोंडानं बुडातले नवे कोंब आणि बारीक रोपं निवडून टिपतं. गझेलला थोडंच लागतं, पण ते कसदार लागतं. हत्तीला कसं का असेना, पण ढीगभर लागतं. जनावर जितकं मोठं तितकं त्याला किलोमागे कमी अन्न पुरतं आणि चारा पोटात जास्त वेळ ठेवता येतो, म्हणून निकस चारा मोठ्यांना परवडतो.

जाता जाता एक खुलासा. मराठीत या सगळ्यांना ‘हरणं’ म्हणून आपण मोकळे होतो. पण सहाराच्या दक्षिणेला मूळचं एकही खरं हरीण नाही. चितळ-सांबरांची शिंगं भरीव असतात आणि दरवर्षी गळतात. गझेल, इंपाला, वाइल्डबीस्ट यांची शिंगं पोकळ आणि जन्मभराची, आपल्या चिंकारा-काळविटासारखी. ही मंडळी गाई-शेळ्यांच्या गोतातली.

तीन आठवड्यांत लाखो वासरं

साधारण फेब्रुवारीत, आग्नेयेच्या आखूड गवतावर, वाइल्डबीस्टच्या माद्या विऊ लागतात. वर्षाच्या वासरांपैकी सुमारे ८० टक्के दोन-तीन आठवड्यांच्या आत जन्मतात. ही घाई मुद्दामच असावी तशी आहे. तरसं, सिंह, चित्ते, कोल्हे सगळे जमतात, पण एका दिवसात एक तरस किती खाणार? लाखो वासरं एकदम आली की मारणाऱ्यांची पोटं भरतात आणि वासरं उरतात. हंगामाच्या आधी किंवा नंतर जन्मलेलं एकटंदुकटं वासरू मात्र सहज टिपलं जातं. म्हणजे वेळ चुकवणाऱ्या मादीचा वंश चालत नाही, आणि वेळ आपोआप आवळत जाते.

वासरू सरासरी सात मिनिटांत उभं राहतं आणि दिवसभरात आईबरोबर धावू लागतं. धोका वेगळाच असतो: धावपळीत आईची चुकामूक. आई त्याला वासावरून आणि आवाजावरून ओळखते आणि दुसऱ्याच्या वासराला पाजत नाही. चुकलेलं वासरू मोटारीमागे, कधी तर तरसामागेही चालत जातं.

गझेलची रीत नेमकी उलटी. तिचं पाडस गवतात निपचित पडून राहतं आणि आई लांब चरते. दूध पाजायला आली की त्याचं मलमूत्र चाटून खाऊन टाकते, म्हणजे जागेला वास उरत नाही.

दीडशे किलोची रेघ

सेरेंगेटीतल्या नोंदींवरून २००३ साली एक गोष्ट स्पष्ट झाली. साधारण १५० किलोच्या खालचं जनावर बहुधा शिकाऱ्याच्या तोंडी मरतं. त्याच्या वरचं बहुधा अन्न कमी पडल्यानं. १८ किलोच्या ओरिबी नावाच्या गझेलसारख्या जनावराला कोल्ह्यापासून सिंहापर्यंत सगळेच खातात. म्हशीवर सिंहाशिवाय कुणी हात टाकत नाही, आणि वाढलेल्या हत्ती, गेंडा, पाणघोड्याला जवळपास कुणीच नाही.

वाइल्डबीस्ट या रेघेच्या जरा वर असतो, पण त्याची खरी ढाल चालणं आहे. सिंहाला हद्द असते, पिल्लं असतात. कळप दोनशे किलोमीटर लांब गेला म्हणून तो मागे जाऊ शकत नाही. कोरड्या महिन्यांत सिंहाला हद्दीत उरलेल्या रानडुकरांवर, म्हशींवर, टोपी नावाच्या वाइल्डबीस्टच्या भाऊबंदांवर भागवावं लागतं, आणि छावे याच दिवसांत उपाशी मरतात. तरसाची मादी वेगळा मार्ग काढते: पिल्लं बिळात ठेवून चाळीस-चाळीस किलोमीटर चालत कळपापर्यंत जाते, खाते आणि परत येते. त्यात काही दिवस जातात. तोवर पिल्लं तग धरतात ती तिच्या चरबी-प्रथिनांनी घट्ट असलेल्या दुधावर.

तरसाबद्दलचा गैरसमजही इथेच पुसायला हवा. महाराष्ट्रात दिसणारं पट्टेवालं तरस मुख्यतः मेलेलं खातं. सेरेंगेटीचं ठिपकेवालं तरस निराळी जात आहे. ते आपलं बहुतेक अन्न स्वतः पळवून, दमवून मारतं. सकाळी शिकारीवर सिंह बसलेला आणि भोवती तरसं दिसली की लोक धरून चालतात की शिकार सिंहाची. पुष्कळदा ती रात्री तरसांनी केलेली असते.

चित्त्याची सगळी गुंतवणूक वेगात. बोट्स्वानात गळपट्ट्यांवर बसवलेल्या उपकरणांनी मोजलेला रानातला सर्वाधिक वेग ताशी ९३ किलोमीटर आला. पण गंमत अशी की बहुतेक पाठलाग त्याच्या बऱ्याच खाली झाले. भक्ष्य वळतं तेव्हा वेग उपयोगाचा नसतो. झटकन थांबणं आणि वळणं उपयोगी पडतं. त्यासाठी चित्त्याची नखं पूर्ण आत जात नाहीत, जमिनीत रुततात, आणि जड शेपूट तोल सांभाळते. पाठलाग मिनिटभराच्या आत संपतो. मग तो धापा टाकत बसतो, आणि तेवढ्यात सिंह किंवा तरस आलं तर शिकार सोडून देतो. भांडून पाय जायबंदी झाला तर पुढची शिकारच नाही. त्यापेक्षा एक जेवण गेलेलं स्वस्त. खरं नुकसान पिल्लांत होतं. सेरेंगेटीच्या उघड्या माळावर १९८०-९०च्या सुमारास झालेल्या अभ्यासात चित्त्याच्या शंभर पिल्लांपैकी जेमतेम पाच स्वतंत्र होण्यापर्यंत जगली. बरीचशी सिंहांनी मारली होती.

भारतातला चित्ता संपल्याचं १९५२ साली जाहीर झालं, आणि १७ सप्टेंबर २०२२ला नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत आले. पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा. त्यांच्या शरीराचं पंचांग दक्षिण गोलार्धाचं होतं. तिथे जून ते ऑगस्ट हिवाळा असतो, म्हणून त्यांच्या अंगावर दाट केस आले ते आपल्या पावसाळ्यात. गळपट्ट्याखाली ओल साचली, जखमा झाल्या, त्यांत अळ्या पडल्या, आणि २०२३च्या पावसाळ्यात काही चित्ते रक्तात जंतुसंसर्ग होऊन दगावले. आणि हो, गावात शिरतो तो बिबट्या असतो, चित्ता नव्हे. बातम्यांत ही चूक अजून होते.

ऊन आणि पाणी

घाम गाळून किंवा धापा टाकून गार होणं हे माठाचं तंत्र आहे: पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. १ लीटर पाणी सुमारे ५८० किलोकॅलरी नेतं. प्रश्न असा की जिथे पाणीच नाही तिथे ते असं उडवायचं का?

केनियाच्या कोरड्या उत्तर भागातला ओरिक्स, म्हणजे लांब शिंगांचं, गझेलच्या गोतातलं मोठं जनावर, दिवसा घामच टाळतो. अंग तापू देतो. प्रयोगात, पाण्यावाचून ठेवलेल्या ओरिक्सच्या शरीराचं तापमान ४५ अंशांपर्यंत चढलेलं नोंदलं गेलं आहे. १५० किलोचं शरीर ५ अंशांनी तापलं तर त्यात सहाशेहून थोड्या जास्त किलोकॅलरी साठतात. म्हणजे तेवढ्यापुरतं साधारण १ लीटर पाणी वाचलं. रात्री हवा थंड झाली की ही उष्णता फुकट निघून जाते. माणसाला ४२ अंश जीवघेणे ठरू शकतात, कारण मेंदू टिकत नाही. ओरिक्स, गझेल, मेंढी यांच्या कवटीच्या तळाशी मेंदूकडे जाणारी धमनी बारीक बारीक फाटे फुटून जाळी बनते, आणि ती जाळी नाकाकडून परतणाऱ्या गार रक्तात बुडालेली असते. मेंदूला मिळतं ते थोडं निवालेलं रक्त.

दुसरी युक्ती खाण्याची वेळ साधण्याची. कोरड्या मुलखातल्या काही झुडपांची पानं दिवसा चुरगळली तर पीठ होतील इतकी वाळलेली असतात, पण रात्री हवेतली ओल शोषून घेतात. ओरिक्स ती रात्री खातो. त्याच गोतातला, शेळीएवढाही नसलेला डिकडिक तर पाण्याच्या डबक्याकडे फिरकतच नाही. पानांतल्या ओलीवर भागवतो, घट्ट लघवी करतो, कोरड्या लेंड्या टाकतो.

हत्तीला हे जमत नाही. त्याला घाम जवळपास येतच नाही आणि दिवसाला शंभर-दोनशे लीटर पाणी लागतं. कान हलवून तो कानांच्या शिरांतलं रक्त गार करतो हे शाळेत शिकवतात. कातडीबद्दल कमी सांगतात. आफ्रिकी हत्तीच्या कातडीला सूक्ष्म भेगांचं जाळं असतं. सपाट कातडीपेक्षा ती पाच ते दहा पट पाणी आणि चिखल धरून ठेवते. अंघोळीचं पाणी मग तासन् तास हळूहळू उडत राहतं; घाम नसला तरी काम भागतं. कोरड्या नदीपात्रात तो पायानं आणि सोंडेनं वाळू उकरून झरा काढतो, आणि तो गेल्यावर तिथे झेब्रे, बबून, पक्षी सगळे पितात.

पण पाणी कुठे आहे हे ठाऊक असावं लागतं. टांझानियातल्याच तारांगिरेत १९९३ साली मोठा दुष्काळ पडला. नऊ महिन्यांत हत्तींच्या ८१ पिल्लांपैकी १६ मेली. एरवी हे प्रमाण शंभरात दोनच्या आसपास असतं. ज्या कळपांच्या म्हाताऱ्या माद्यांनी आधीचा मोठा दुष्काळ पाहिला असावा, ते कळप उद्यान सोडून बाहेर पडले आणि त्यांची पिल्लं जास्त वाचली. ज्या कळपातल्या म्हाताऱ्या माद्या पूर्वी हस्तिदंतासाठी मारल्या गेल्या होत्या, तो तिथेच राहिला आणि त्याचंच सर्वाधिक नुकसान झालं.

मुंगी, काटे आणि सिंह

केनियाच्या काळ्या मातीत एक काटेरी बाभूळ उगवते. तिच्या काही काट्यांची बुडं लिंबाएवढी फुगतात आणि आतून पोकळ असतात. त्यांत मुंग्या राहतात. झाड त्यांना पानांच्या देठाशी गोड रसही पुरवतं. हत्तीनं फांदीला सोंड लावली की मुंग्या थेट सोंडेच्या आत शिरून चावतात. सहा टनांचं जनावर मागे सरतं. जिराफ तिथे जेमतेम चरतो. लांब जिभेनं काट्यांमधली पानं उचलायची आणि मुंग्या फार झाल्या की पुढच्या झाडाकडे जायचं.

केनियातल्याच ओल पेजेता अभयारण्यात बाहेरून मोठ्या डोक्याची मुंगी आली. तिनं या राखणदार मुंग्या मारून टाकल्या. राखण संपली तसे हत्ती झाडं मोडू लागले. झाडं गेली तशी नजर लांब पोचू लागली आणि झेब्र्यांना सिंह आधीच दिसू लागला. सिंह पळून नव्हे, अगदी जवळ जाऊन झडप घालून मारतो. आडोसा नसेल तर त्याची ताकद वाया जाते. २००३ साली तिथल्या सिंहांच्या शिकारीत ६७ टक्के झेब्रे होते; २०२० साली ४२. सिंह उपाशी मेले नाहीत, म्हशींकडे वळले. आधी जवळजवळ नसलेली म्हैस ४२ टक्क्यांवर गेली. म्हैस मारायला जास्त सिंह लागतात आणि शिंगांचा मार बसतो. २०२४च्या जानेवारीत हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

वारुळांचं काम याहून शांत. आफ्रिकेतल्या बऱ्याच जातींची वाळवी गवत-लाकूड स्वतः पचवत नाही. वारुळात बुरशीची शेती करून तिच्याकडून कुजवून घेते. त्याच गोतातल्या बुरशीची छत्री पावसाळ्यात आपल्याकडे वारुळांवर उगवते, आणि गोव्यात ती अळमी म्हणून आवडीनं खातात. वाळवी खालची माती वर आणते. वारुळाभोवती क्षार आणि ओल जास्त, म्हणून तिथलं गवत शेवटपर्यंत हिरवं राहतं आणि जनावरं तिथे घुटमळतात.

रोग

आज दिसणारे तेरा लाख वाइल्डबीस्ट नेहमीच होते असं नाही. १८८०च्या दशकाच्या अखेरीस गुरांबरोबर बुळकांडी पूर्व आफ्रिकेत पोचली. गुरं तर मेलीच, पण म्हशी आणि वाइल्डबीस्टही बेसुमार मेले, कारण गुरांच्या विषाणूला रवंथ करणारं रानातलं जनावरही चालतं. पुढली सत्तर वर्षं दरवर्षी वासरं दगावत राहिली. उपाय रानात नव्हे, गोठ्यात झाला. उद्यानाभोवतीच्या गुरांना लस टोचली, गुरांतला रोग हटला आणि वाइल्डबीस्टमधूनही नाहीसा झाला. १९६०च्या सुमारास अडीच लाख असलेले वाइल्डबीस्ट १९७७पर्यंत तेरा लाखांवर गेले. तिथे ते थांबले. आता कमी पडू लागलं ते कोरड्या महिन्यांतलं गवत. दरम्यान इतकं गवत खाल्लं जाऊ लागलं की वणव्याला जळायला उरेना. वणवे घटले आणि झाडांची रोपं वाचू लागली. बुळकांडी जगातून संपल्याचं २०११ साली जाहीर झालं.

सिंहांची पाळी १९९४ साली आली. गावकुत्र्यांमधला डिस्टेंपर हा विषाणूचा रोग सेरेंगेटीच्या सिंहांत शिरला आणि सुमारे हजार, म्हणजे एक तृतीयांश सिंह मेले. हाच विषाणू आधीही येऊन गेला होता, तेव्हा असं झालं नव्हतं. फरक दुष्काळाचा होता. १९९३च्या दुष्काळानं म्हशी खंगल्या, त्यांच्यावर गोचिडांची गर्दी झाली. सिंहांनी त्या मरतुकड्या म्हशी खाल्ल्या आणि गोचिडांतून येणारा रक्तातला परजीवी भरमसाट वाढला. डिस्टेंपरनं प्रतिकारशक्ती पाडली आणि परजीवीनं उरलेलं काम केलं.

कुंपण आणि नदी

चालणं हाच ज्याचा बचाव, त्याला कुंपण मारतं. बोट्स्वानात गुरांच्या रोगापासून बचाव म्हणून १९५८ साली कुके कुंपण उभं राहिलं. १९८०च्या दशकातल्या दुष्काळात कालाहारीचे वाइल्डबीस्ट नेहमीप्रमाणे पाण्याकडे निघाले, तारेला अडले आणि हजारोंनी तिथेच मेले. केनियात माराला लागून असलेल्या लोइटा माळावर गव्हाची शेती आणि कुंपणं वाढली, आणि तिथले स्थानिक वाइल्डबीस्ट १९७७ ते १९९७ या वीस वर्षांत सुमारे १,१९,००० वरून २२,००० वर आले. सेरेंगेटीच्या उत्तर भागातून डांबरी रस्ता नेण्याची योजना पूर्व आफ्रिकी न्यायालयानं २०१४ साली अडवली.

मारा नदीचं तसंच. कोरड्या महिन्यांतलं सगळं पाणी तिच्यावर, आणि तिचा उगम केनियातल्या माऊ जंगलात, जे बरंच तोडलं गेलं आहे. नदी ओलांडताना वाइल्डबीस्ट मरतात ते मुख्यतः मगरींमुळे नव्हे. उंच दरडीवरून मागचे पुढच्यांवर कोसळतात, चेंगरतात, बुडतात. वर्षाला सरासरी ६,२५० जनावरं अशी बुडतात, सुमारे १,१०० टन मांस-हाडं. मगरी त्यातलं थोडंसंच खाऊ शकतात. गिधाडं आणि मराबू करकोचे मांस उचलून लांबवर नेतात, बाकीचं मासे आणि अळ्या काही आठवड्यांत संपवतात. हाडं मात्र तळाशी राहतात. त्यांच्यावर शेवाळ धरतं, ते मासे खातात, आणि हाडांतला फॉस्फरस पाण्यात सुटत राहतो. एक हाड पूर्ण विरायला सात वर्षं लागतात.